लोकरीला विटाळ नसतो

आमच्या घरात कुत्रा आला तो माझ्या मर्जीविरुद्ध, हे आधीच सांगून टाकते. पुढे लोक म्हणायला लागले की तुम्हाला कुत्र्यांची फार हौस. हौसबिस काही नव्हती. मला केर काढलेली जमीन आवडते, आणि अशा जमिनीवर लगेच येऊन जो पाय ठेवतो तो मला आवडत नाही. मग तो पाय माणसाचा असो नाहीतर जनावराचा.

दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. आम्ही लोणावळ्यात राहत होतो. हे रेल्वेत कारकून, आणि घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर, भाड्याचं, पत्र्याच्या छपराचं. पुढे पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला लागून देवघराची चिंचोळी खोली होती आणि तिचं मागचं दार परसात उघडायचं. परसात विहीर आणि चार पत्रे ठोकून केलेली न्हाणी. पडवीला शहाबादी फरशी होती, आतली जमीन सगळी शेणाने सारवायची. घरात माणसं तीन: हे, मी आणि सासूबाई. मूलबाळ अजून नव्हतं. मी विशीतली, त्यामुळे अंगात जोर होता आणि तोंडालाही काही कमी नव्हतं.

सासूबाई साठीच्या. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्या जुन्या चालीतल्या, आलवण नेसणाऱ्या. दर पंधरवड्याला न्हावी येऊन त्यांचं डोकं करून जाई. सोवळं इतकं कडक की सकाळच्या अंघोळीपासून दुपारच्या जेवणापर्यंत त्यांच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायचं नाही. कुणी शिवलं की पुन्हा डोक्यावरून पाणी. दुपारी सोवळं सुटे, पण इतक्या वर्षांची सवय. तिसऱ्या प्रहरीसुद्धा त्या कुणाला लागून बसल्या आहेत असं मी कधी पाहिलं नाही. मी वाकून नमस्कार केला तर पाय मागे घेत आणि लांबूनच म्हणत, "पोहोचला हो." मला त्याचं काही वाटत नसे. आमच्यात सगळ्या म्हाताऱ्या तशाच होत्या.

त्या वर्षी मार्गशीर्षात एका बंगल्यातला साहेब कायमचा आपल्या देशी निघाला. त्याचं सामान ह्यांनी बुक केलं. इतरांना अशा वेळी लोक पेढ्यांचा पुडा देतात, ह्यांना साहेबाने कुत्रा दिला. पांढरा, लांब केसांचा, गुडघ्याएवढा उंच, आणि तोंड असं की आत्ताच कुणीतरी रागावून गेलंय. हे दारात उभे, हातात साखळी, आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "मोठ्या जातीचा आहे."

"असेल," मी म्हटलं. "झोपणार कुठे मोठ्या जातीचा?"

त्याचं नाव इंग्रजी होतं, ते आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना. सासूबाई पहिल्या दिवसापासून त्याला "मेलं" म्हणायला लागल्या. "मेलं आत आलं, मेलं उंबऱ्यात बसलं." आठवड्याभरात ते त्या हाकेला शेपूट हलवत धावून यायला लागलं. मग तेच नाव पडलं.

आता केसांचं सांगते. शहाबादी फरशीवर पडलेला केस ओल्या फडक्याने निघतो. शेणाच्या सारवणात बसलेला केस मात्र बसला तो बसलाच. जमीन वाळली की तो अर्धा आत, अर्धा बाहेर. पहिल्या महिन्यात आमच्या माजघराला उन्हात बघितलं तर जमिनीला लव फुटल्यासारखी दिसायची. शेजारची बाई हळदीकुंकवाला आली आणि जमिनीकडे बघून काही बोलली नाही. ते न बोलणं मला चार दिवस पुरलं.

मग मी रीत बसवली. कोरड्या केरसुणीने केस उडतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात, म्हणून केरसुणी ओली करून दोनदा झाडायचं आणि मगच सारवायला बसायचं. सारवण ओलं असेपर्यंत कुत्रं पडवीत बांधलेलं. पडवीच्या पायरीवर जुन्या थाळ्यात पाणी, आत यायच्या आधी त्याचे चारी पाय त्यात बुडवायचे, मग गोणपाटावर पुसायचे. आठवड्यातून एकदा रिठ्याच्या पाण्याने न्हाऊ घालायचं. पिसवांना तंबाखूचं पाणी. गोचिडी एकेक करून काढायच्या आणि वाटीतल्या घासलेटात टाकायच्या. हे काम मी रविवारी ह्यांना लावलं, कारण मोठी जात ह्यांनी आणली होती. कुठे घाण केलीच तर आधी राख, मग शेण, मग कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. उन्हाळा संपेपर्यंत आमचं घर असं झालं की कुत्रं आहे हे दिसल्याशिवाय कळायचं नाही. शेजारची बाई पुन्हा आली तेव्हा मी तिला मुद्दाम माजघरात खालीच बसवलं.

सासूबाई म्हणाल्या, "देवापेक्षा त्या मेल्याच्याच अंघोळी जास्त झाल्या या घरात."

हे त्यांनी म्हणावं म्हणजे कमाल होती. कारण पाऊस लागला आणि सासूबाईंच्याच अंघोळी वाढल्या.

लोणावळ्याचा पाऊस ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. आषाढात सारवलेलं श्रावणात वाळतं अशी आमच्याकडे थट्टा होती आणि ती फारशी खोटी नव्हती. उन्हाळाभर कुत्रं दिवसाचं अंगणातल्या फणसाखाली पडून असायचं. पावसात ते घरात आलं. सकाळी स्वयंपाक चालला असताना देवघरातून हाक यायची, "अगं, शिवलं मेलं." की आपण हातातलं टाकायचं, सोवळ्याचं पाणी म्हणून स्वतः आधी ओलेतं व्हायचं, विहिरीवर जायचं, पाणी काढायचं, न्हाणीत नेऊन ठेवायचं. बंबातलं ऊन पाणी सकाळीच संपलेलं असे, आणि नवं तापेपर्यंत थांबायला त्या तयार नसत. "विटाळ अंगावर घेऊन देवासमोर बसू का?" मग गार पाण्याने डोक्यावरून अंघोळ. आलवणं वाळत नसत, म्हणून अंघोळ करून धाबळी नेसायच्या. जुन्या बायकांना धाबळी म्हणजे मोठा आधार; लोकरीला विटाळ नसतो, ती धुवावी लागत नाही, वाळवावी लागत नाही. पण लोकर पवित्र असली म्हणून आतलं अंग कोरडं होतं असं नाही.

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात रोज तीन, कधी चार, एकदा तर पाच अंघोळी झाल्या. पाचव्यांदा पाणी काढताना माझ्या हातून कळशी विहिरीत गेली आणि मी तिथेच, पावसात, कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग खोकला सुरू झाला. सुंठ झाली, अडुळसा झाला, कापराचं तेल झालं. तेलसुद्धा त्यांनी मला लावू दिलं नाही, आपल्या हाताने छातीला चोळलं. एके दिवशी बसल्या जागी धाप लागली तेव्हा ह्यांनी डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली आणि बाहेर पडवीत येऊन आम्हा दोघांना सांगितलं, "कफ धरलाय. हे सारखं भिजणं बंद करा. पुन्हा पुन्हा अशा गारठल्या तर ते फुफ्फुसात जाईल, आणि या वयात एकदा तिथे गेलं की औषध नाही. मग मला बोलवू नका."

आत सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतंय सोवळ्यातलं." आणि खोकल्या.

म्हणजे प्रश्न सरळ होता. कुत्रं शिवायचं थांबलं की अंघोळी थांबणार, अंघोळी थांबल्या की सासूबाई वाचणार. मी कंबर कसली. माजघराच्या दारात गुडघ्याएवढी फळी आडवी ठोकली. सासूबाईंच्या सोवळ्याच्या वेळात कुत्रं पडवीत खांबाला बांधायचं, दोन गाठी मारून, असा नियम केला. गाठी मी स्वतः मारायची. तरी दिवसाआड हाक यायचीच, "शिवलं मेलं." बाहेर जाऊन बघावं तर दोरी सुटून पडलेली, फळी बाजूला सरकलेली. चावलेली नाही, तुटलेली नाही, सुटलेली. कुत्रं गाठ सोडायला शिकलं असं मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मोठ्या जातीची कुत्री शिकतात." आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते.

आता मी बंबात ऊन पाणी राखून ठेवत होते, पण न्हाणी उघड्यावर, वारा आरपार. खोकला बसेना. एका सकाळी त्यांना इतकी ढास लागली की डोळे पांढरे झाले, आणि तरी अर्ध्या तासात हाक आलीच. त्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी पायही धुऊ दिले नाहीत. "ते कुत्रं या घरात राहील नाहीतर मी."

"आईला विचार," हे म्हणाले. अडचण आली की ह्यांना आई आठवायची.

मी देवघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "आई, कुत्रं देऊन टाकू या का कुणाला?"

त्या जपमाळ ओढत होत्या. माळ थांबली. मग म्हणाल्या, "द्या की. मला काय करायचंय त्या घाणीशी."

वडिवळ्याचे एक आबा होते. वर्षाचा आंबेमोहोर आम्ही त्यांच्याकडून घ्यायचो, आणि पावसाळ्यात ते आठ-पंधरा दिवसांनी कामशेतहून गाडीने तूप घेऊन यायचे. त्यांना मी कुत्रं दाखवलं. त्यांनी ते मागून-पुढून बघितलं, बैल घ्यायला आल्यासारखं.

"लय केसाळ हाय वैनी हे. आमच्याकडं भाताच्या आवणीचा चिखुल. दोन दिसात काळं व्हईल."

"होऊ दे. रानडुकरांवर राखणीला होईल."

"भुकतंय का पर?"

"भुंकतं."

"मंग नेतो. न्हाई कशाला म्हनू." मग आत बघून मोठ्याने म्हणाले, "मावशी, नेतो बरं का तुमचं कुत्रं."

देवघरातून आवाज आला, "न्या."

कुत्रं जाताना त्या बाहेर आल्या नाहीत. ह्यांनी गार्डाच्या डब्यात सोय करून दिली आणि ते गेलं. मला काय वाटलं विचाराल तर, सुटले असं वाटलं. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ना, ती माझी गत झाली होती. मी पदर खोचला आणि तीन दिवस घर काढलं. पडवीची फरशी नारळाच्या शेंडीने घासली. गोणपाटं जाळली. माजघराची केस धरलेली जमीन खुरप्याने वरवर खरवडून काढली आणि नव्याने मातीचा हात देऊन सारवली, खाली शेगड्या ठेवून वाळवली. तेवढी स्वच्छ जमीन मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिली नाही.

आणि सासूबाईंचा खोकला हटला. सुंठ घालून जो गेला नव्हता तो कुत्रं गेल्यावर दहा दिवसांत गेला. दिवसाला एक अंघोळ, तीही ऊन पाण्याची. डॉक्टर वाटेत भेटले तेव्हा मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "शाबास."

सासूबाई जरा गप्प झाल्या होत्या खऱ्या. आधी दिवसभर काही ना काही टोचून बोलायच्या, ते बंद झालं. भाजीला मीठ जास्त पडलं तरी म्हणायच्या नाहीत. दुपारी परसाच्या दारात पाटावर बसून असत. मला वाटलं, आजारातून उठलेलं माणूस, यायची ताकद हळूहळू. खरं सांगायचं तर फार काही वाटलं नाही. त्या बोलत नव्हत्या आणि जमीन चकचकीत होती, एवढं सुख मला पुरेसं होतं.

श्रावण लागला. एका दुपारी सासूबाई चार घरं टाकून पोथी ऐकायला गेल्या होत्या. मी देवघर काढायला घेतलं. तिथे त्यांची सोवळ्याच्या कपड्यांची पेटी होती. तिला मी सहसा हात लावत नसे, पण त्या हवेत लोकरीला कसर लागते, म्हणून धाबळ्या वारा द्यायला बाहेर काढल्या. एकीला लागलीच होती. पदराकडचा भाग चाळणी झालेला. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वाटलं, देवाचं असेल. सोडलं तर फणी.

शिंगाची, जुनी, दोन दात पडलेली फणी. ज्या बाईच्या डोक्यावर एकोणीस वर्षं केस नव्हता तिच्या पेटीत. आणि ती पांढऱ्या, लांब केसांनी गच्च भरलेली.

आधी माझं डोकंच फिरलं. इकडे मी जमिनीतून केस वेचतेय आणि सोवळ्याच्या पेटीत, धाबळ्यांच्या खाली, कुत्र्याच्या केसांचा हा पुंजका. मग मी हळूहळू खाली बसले. दोरी आठवली. न चावलेली, न तुटलेली, सुटलेली. हाक यायची ती नेमकी मी विहिरीवरून किंवा दळणावरून परत आले की यायची, हेही आठवलं. दुपारी सोवळं सुटलेलं असे, पण तेव्हा मी घरातच असायची. कुत्रं शिवत नव्हतं. त्याला बोलावून घेतलं जात होतं. मांडीशी बसवून विंचरलं जात होतं, आणि मग त्याची किंमत म्हणून आषाढातल्या गार पाण्याची अंघोळ मुकाट्याने डोक्यावर घेतली जात होती.

मी आठवायला लागले की सासूबाईंना कोण कोण हात लावतं. लेक लावत नाही, सून लावत नाही. शेजारणी हळदीकुंकवाला येतात, त्यात विधवेचं काय काम. पंधरा दिवसांनी न्हावी येतो, तो लावतो. बाकी कुणी नाही. एकोणीस वर्षांत नाही. मला रडू आलं, आणि ते माझं मलाच आवडलं नाही, कारण मी रडणारी बाई नव्हे.

फणी होती तशी फडक्यात गुंडाळून जागच्या जागी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच केस दिसूनही मी ते काढले नाहीत.

पुढच्या खेपेला आबा तूप घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "आबा, कुत्रं परत आणून द्या."

ते बघतच राहिले. "आता वो? पोरांस्नी लळा लागलाय. रातचं बी त्यांच्यातच निजतंय."

"लागला असेल. पण आणा. माझ्यासाठी आणा."

"तुमीच तर घालवलं वैनी."

"हो. मीच घालवलं."

त्यांनी मुंडासं खाजवलं. "बाईमाणसाचं काय कळत न्हाई बाबा," असं म्हणाले, पण पुढच्या आठवड्यात आणलं. ह्यांनी विचारलं, हे काय आता? मी सांगितलं, मला करमत नाही त्याच्यावाचून. ह्यांनी ते चारचौघांत सांगितलं, आणि माझी कुत्र्यांची हौस गावभर झाली ती तिथून.

कुत्रं म्हणजे चिखलाचा गोळा झालं होतं. कानात गोचिडी, पोटाखाली केसांच्या जटा. त्याने उंबऱ्यातून सासूबाईंना बघितलं आणि अशी झेप घेतली की दोरी माझ्या तळहाताची साल घेऊन गेली. मी कशीबशी आवरली. सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. "कशाला आणलं गं ते मेलं पुन्हा?" आवाज चढा होता, पण मध्येच फाटला. तोंड फिरवून त्या आत गेल्या.

तीन पाण्यांनी त्याला न्हाऊ घातलं, जटा कातरल्या, शेगडीजवळ वाळवलं. मग कसर लागलेली धाबळी घेतली, तिचा चांगला भाग कापून कुत्र्याच्या मापाची झूल शिवली. पाठ, पोट, मान, सगळं झाकेल अशी, बंद पोटाखाली. हा विचार माझा मीच केला होता आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या सोवळ्यात असताना, झूल घातलेलं कुत्रं मी देवघराच्या दाराशी उभं केलं.

"आई, ही धाबळी आहे. लोकरीला विटाळ नसतो. आता हे तुम्हाला वरून शिवलं तरी तुम्ही बाटत नाही. अंघोळीचं कारण नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आपली धाबळी ओळखली असणार. पेटी उघडली होती हेही कळलं असणार. मी जमिनीकडे बघत राहिले. फणीचा शब्द मी काढला नाही, त्यांनीही नाही.

"शास्त्र कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच नाही का सांगत, लोकरीचं?"

"शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बसू दे त्याला तिथे. दारात नको, पाऊस येतो."

दोन दिवस छान गेले. पूजा झाली की कुत्रं त्यांच्या पाटाशी पडायचं आणि त्या झुलीवर हात ठेवून जप करायच्या. अंघोळ एकच. खोकला नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. जमीन स्वच्छ, सोवळं शाबूत, डॉक्टर खूश, कुत्रं घरात.

तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरून घागर घेऊन आले. देवघराचं मागचं दार वीतभर उघडं होतं. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, कुत्र्याची मान त्यांच्या गुडघ्यावर. हात झुलीवर होता. तो हात जरा वेळ तसाच राहिला. मग सरकत सरकत झुलीच्या काठापर्यंत आला, थांबला, आणि काठाखालून आत गेला. मानेवरच्या केसांत बोटं फिरत होती, हळूहळू. जपमाळ खाली पडलेली. डोळे मिटलेले. मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता.

पाऊस अंगावर येत होता. डॉक्टरांचं बोलणं मला तोंडपाठ होतं. मी एक पाऊल वाजवलं असतं तरी हात बाहेर आला असता, आणि हात बाहेर आला असता तर अंघोळ टळली असती. मी घागर घेऊन तशीच मागे वळले, विहिरीवर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने मुद्दाम रहाट वाजवला.

आतून हाक आली, "अगं, शिवलं मेलं."

"आले," म्हटलं. "पाणी ऊन होईपर्यंत तेवढं थांबा."

त्या थांबल्या. ते एवढं त्यांनी माझं ऐकलं. न्हाणीला मी गोणपाटाचा आडोसा केला, अंघोळ झाली की धाबळीला शेगडीची ऊब देऊन हातात द्यायची, सुंठेचा काढा तयार ठेवायची. पण हाक रोज यायची, कधी दोनदा, कधी तीनदा. झूल नावापुरती राहिली होती.

सासूबाई भाद्रपद संपता संपता गेल्या. छातीनेच गेल्या. शेवटचे चार दिवस सोवळंओवळं राहिलं नव्हतं, तेव्हा कुत्रं त्यांच्या अंथरुणाशी होतं आणि त्याला उठवायला मी कुणाला जाऊ दिलं नाही.

तेरावा झाल्यावर हे पडवीत बसले होते. म्हणाले, "ह्या कुत्र्याने आईला नेलं. तू ते परत आणायला नको होतंस."

मी म्हटलं, "कुत्र्याला कशाला बोल लावता. पाणी मी काढत होते."

"तुला काय माहीत होतं," हे म्हणाले.

मी म्हटलं, "मला माहीत होतं."